एकशे अठ्ठावीस पडद्यांचा मुलूख

'द लिजंड ऑफ झेल्डा' हा जपानी व्हिडिओ गेम २१ फेब्रुवारी १९८६ रोजी बाजारात आला. त्यातल्या देशाचं नाव हायरूल. डोंगर, वाळवंट, दफनभूमी, समुद्रकिनारा, तळी, दाट रान असं सगळं असलेला हा मुलूख १२८ पडद्यांचा आहे. आडवे १६ आणि उभे ८. खेळणाऱ्याला मात्र एका वेळी एकच पडदा दिसतो. काठापर्यंत चालत गेलं की चित्र सरकतं, शेजारचा पडदा येतो आणि आधीचा जातो. ज्या यंत्रावर हा गेम चालायचा त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचंही तेच. पडद्यावरची मांडणी लक्षात ठेवायला त्याच्याकडे २ केबी मेमरी होती, म्हणजे जेमतेम दोन पडद्यांपुरती. थोडक्यात, अख्खा हायरूल सलग असा कुठल्याच टीव्हीवर कधी उमटला नाही. अमेरिकेत गेमसोबत घडीचा एक कागदी नकाशा मिळायचा, पण त्यातले काही भाग मुद्दाम कोरे ठेवलेले होते. देश पुरता पाहायचा तर कुणीतरी बसून, पडद्याला पडदा लावत तो जोडायला हवा.

जगभर काही माणसं छंद म्हणून हेच करतात. मी त्यांतली एक. आम्ही काढतो ते नकाशे पर्यटनाच्या पुस्तकातल्यासारखे ढोबळ नसतात. यंत्राने जिथे जो ठिपका ज्या रंगाचा दाखवला, तो तिथेच आणि त्याच रंगाचा. प्रमाण एकास एक. कागदावर नकाशा काढणाऱ्याला हे प्रमाण कधीच परवडत नाही, आम्हाला परवडतं. परवडत नाही ते आमच्या कॉम्प्युटरला, आणि त्याचं कारण फार जुनं आहे. ते थेट त्या गेमच्या रचनेतच दडलेलं आहे.

आधी काम कसं चालतं ते सांगते. जुनं यंत्र कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात. त्यात गेम लावायचा, हवं तिथे थांबवायचा आणि स्क्रीनशॉट घ्यायचा. फॅमिकॉमचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. झेल्डामध्ये वरचे ६४ ठिपके जीव, पैसे आणि हत्यारं दाखवण्यात जातात, ते कापायचे. उरतात २५६ बाय १७६. असे तुकडे शेजारी शेजारी लावत गेलं की ४,०९६ बाय १,४०८ ठिपक्यांचा देश तयार होतो. झेल्डा यासाठी सोपा, कारण त्याचे पडदे मुळातच सुटे आहेत. मारिओ किंवा कॉन्ट्रा यांसारख्या गेममध्ये जमीन सलग सरकते. तिथे थोडं पुढे जाऊन स्क्रीनशॉट घ्यायचा, पुन्हा थोडं पुढे, आणि दोन चित्रांचा सामाईक भाग एकमेकांवर तंतोतंत बसवायचा. एका ठिपक्याची चूक लगेच दिसते. विटांमधली चुन्याची रेघ सांध्यावर दुहेरी होते किंवा गायबच होते.

सुटका एकच, की हे सगळं जग चौकटीत बसवलेलं आहे. फॅमिकॉम जमीन आणि आकाश काढतो ते ८ बाय ८ ठिपक्यांच्या टाइलमधून. रंग तर त्याहून मोठ्या, १६ बाय १६ च्या चौकोनालाच देता येतात. एका चौकोनात तीन रंग आणि सगळीकडे सामाईक असलेला चौथा. माझी मावशी दोसुतीवर फुल्यांचा टाका घालायची, ती कापडाचे धागे मोजून जसा टाका धरायची तसंच हे काम आहे. घरं मोजायची, आणि मोजणी बरोबर असेल तर मोर आपोआप मोरासारखा दिसतो.

मग वेचणी. नकाशात जमीन हवी, तर तिच्यावर उभे असलेले शत्रू, गोळ्या आणि खुद्द नायक काढून टाकावे लागतात. ही हलणारी चित्रं, म्हणजे स्प्राइट, यंत्र वेगळ्या थरावर काढतं आणि चांगल्या इम्युलेटरमध्ये तो थर बंद करता येतो. जिथे तशी सोय नसते तिथे एकाच जागेचे दोन स्क्रीनशॉट घ्यायचे, एकात नायक डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, आणि दोघांच्या झाकल्या न गेलेल्या भागांतून एक स्वच्छ तुकडा करायचा. शत्रू नकाशावर हवेच असतील तर ते पुन्हा आपापल्या मूळ जागी उभे करावे लागतात. तिथे नवी अडचण. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर या यंत्राला आठपेक्षा जास्त स्प्राइट तुकडे दाखवताच येत नाहीत. गर्दी झाली की पडदाभर लुकलुक दिसते ती त्यामुळे. गर्दीच्या क्षणाचा स्क्रीनशॉट घेतला तर कुणाचं तरी डोकं नाहीतर पाय गायब असतात. ते दुसऱ्या क्षणातून आणून लावायचे.

रंगांचं प्रकरण याहून अवघड आहे. फॅमिकॉमला लाल, हिरवा, निळा अशी भाषा येतच नाही. तो टीव्हीसाठी थेट सिग्नल तयार करतो आणि त्या सिग्नलचा रंग काय व्हायचा ते प्रत्येक टीव्ही आपापल्या परीने ठरवतो. त्यामुळे मारिओच्या आभाळाचा खरा निळा कोणता याला उत्तर नाही. एका इम्युलेटरमध्ये तो जांभळ्याकडे झुकतो, दुसऱ्यात आकाशी. कुठलीही एक रंगपट्टी निवडा, पण नकाशा पुरा होईपर्यंत ती सोडू नका. नाहीतर अर्ध्या देशावर सकाळ आणि अर्ध्यावर दुपार पसरते. मी जरा मळकट, जुन्या पडद्यासारखी दिसणारी पट्टी वापरते. स्वच्छ रंग वापरणाऱ्यांशी माझं याबाबत पटत नाही. ज्या काळात हे गेम काढले गेले त्या काळचे टीव्ही समोर ठेवूनच त्यांचे रंग निवडले गेले होते, असं मी मानते.

आणि काही जागा तर नकाशात बसायलाच तयार नसतात. हायरूलच्या दफनभूमीशेजारी एक हरवण्याचं रान आहे. उत्तर, पश्चिम, दक्षिण, पश्चिम या क्रमाने चाललं तरच पलीकडे निघता येतं. क्रम चुकला की पुन्हा त्याच पडद्यावर, त्याच झाडांमध्ये. पूर्वेकडच्या डोंगरांतही अशीच एक जागा आहे, तिथे चार वेळा वर जावं लागतं. सपाट कागदावर हे रान कसं काढायचं? चालणाऱ्याच्या अनुभवाने पाहिलं तर ते अनंत आहे. खेळाच्या साठ्यात ते एकच पडदा आहे. मी ते एकदाच काढते आणि कडेला चार बाण देते. सुपर मारिओच्या ४-४ आणि ७-४ या किल्ल्यांतही वाट चुकली की तोच भाग पुन्हा समोर येतो. काहीजण तो भाग दोनदा काढतात. खेळणाऱ्याला जे वाटतं ते दाखवायचं की यंत्रात जे आहे ते, हा नकाशा काढणाऱ्याने घ्यायचा निर्णय आहे आणि तो प्रत्येक गेममध्ये नव्याने घ्यावा लागतो.

या खटाटोपाचं फळ काय, असं मला घरचेही विचारतात. त्यांना मी झेल्डाची तळघरं दाखवते. गेममध्ये नऊ तळघरं आहेत आणि पहिल्या आठांचे आकार गरुड, चंद्रकोर, साप, सरडा, सिंह असे कशाचे ना कशाचे आहेत. खेळताना ती देशाच्या नऊ वेगवेगळ्या टोकांना सापडतात, एकमेकांशी त्यांचा काही संबंध असेल असं वाटत नाही. पण त्यांचे नकाशे एकत्र मांडले की पहिली सहा तळघरं एकमेकांच्या खाचांत बसून १६ बाय ८ चा एक आयत बनवतात. जागा वाया जाऊ नये म्हणून गेमचे एक रचनाकार ताकाशी तेझुका यांनी ती तशी बसवली होती. त्यांचे सहकारी शिगेरू मियामोतो यांनी नंतर सांगितलेली हकिगत अशी, की तेझुकांनी हे इतकं चोख केलं, पण उपलब्ध जागेपैकी अर्धीच हिशेबात धरली. उरलेल्या अर्ध्या जागेत मग याच देशात दुसऱ्यांदा खेळायचा नवा, अवघड गेम बसवला गेला. सगळी तळघरं बदललेली, लपवलेल्या वाटा वेगळ्या. अनेकांच्या आवडीचा तो 'दुसरा शोध' जन्मला तो हा असा. एकेक पडदा पाहत खेळणाऱ्याला त्या आयताचा कधी पत्ताच लागत नाही.

आता कॉम्प्युटरकडे वळते.

हायरूलचा एक पडदा म्हणजे १६ उभे पट्टे. प्रत्येक पट्ट्यात ११ चौकोन. हे पट्टे आधीच बनवून ठेवलेले असतात, आणि पडदा साठवताना फक्त 'हा पट्टा, मग तो, मग पुन्हा हा' एवढंच लिहिलेलं असतं. एका पडद्याला १६ बाइट. १२८ पडद्यांची ही यादी २ केबीत मावते. पट्ट्यांचा आणि टाइलचा सामाईक साठा वेगळा, पण तोही काटकसरीचाच. सुपर मारिओ ब्रदर्स तर अख्खा ४० केबीत आहे, संगीतासकट. त्यातले ढग आणि झुडपं ही एकच आकृती आहे, रंग तेवढे बदललेले. हे कळल्यावर तो गेम पूर्वीसारखा दिसत नाही. मला तर तो जास्तच आवडू लागला.

आम्ही करतो ते याच्या बरोबर उलट. १६ बाइटांचा पडदा उलगडला की २५६ गुणिले १७६, म्हणजे ४५,०५६ ठिपके होतात. आजचे चित्रांचे प्रोग्रॅम दर ठिपक्याला सहसा ४ बाइट घेतात. झाले १,८०,२२४ बाइट. अख्खा हायरूल उलगडला की मेमरीत २ कोटी ३० लाख बाइट लागतात. आजच्या मशिनला हे किरकोळ आहे. पण माझ्या पहिल्या असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये २५६ एमबी रॅम होती आणि त्यातच विंडोजही राहायची. नकाशा छापायला म्हणून तिप्पट मोठा केला की ठिपके नऊपट होतात, म्हणजे जवळजवळ २०० एमबी. शिवाय 'अनडू'साठी प्रोग्रॅम आधीच्या प्रती सांभाळतो त्या वेगळ्या. रॅम भरली की विंडोज हार्ड डिस्कचा आधार घेते. समोरचा लाल दिवा लुकलुकायचं सोडून सलग पेटून राहतो, माऊसचा बाण जागच्या जागी थिजतो, आणि आपण हात मांडीवर ठेवून बसून राहतो.

त्याहून मोठ्या गेमसाठी अडचणही मोठी. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे २ जीबीच मेमरी मिळायची, मशिनमध्ये रॅम कितीही घाला. चार बाइटांच्या हिशेबाने सुमारे २३,००० बाय २३,००० ठिपक्यांचं चित्र ती सगळी खाऊन टाकतं. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी प्रोग्रॅम बंद पडतो, कारण एवढी जागा त्याला एकसलग हवी असते आणि मेमरीत ती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते. 'पुरेशी मेमरी नाही' हा संदेश येतो तेव्हा मेमरी असते, पण सलग नसते.

आणखी एक कोडं नव्या माणसाला हमखास पडतं. नकाशाची फाइल असते काहीशे केबीची, मोबाइलवरच्या फोटोपेक्षाही लहान. मग ती उघडताना मशिन का अडतं? कारण फाइल घडी घातलेली असते. आम्ही वापरतो तो पीएनजी हा प्रकार १९९६ मध्ये पक्का झाला. त्याआधी जीआयएफ वापरात होता, पण त्यातल्या आकुंचनाच्या पद्धतीवर पेटंट होतं आणि १९९४ च्या अखेरीस त्याचे पैसे मागितले जाऊ लागले. तेव्हा काही तंत्रज्ञांनी मिळून सर्वांना मोकळा असा पीएनजी उभा केला. एकदा येऊन गेलेला भाग पुन्हा आला तर तो नव्याने न लिहिता 'मागे इतक्या अंतरावर आहे तोच' एवढंच तो लिहून ठेवतो. टाइलनी बनलेल्या नकाशासाठी याहून सोयीचं काही नाही, तीच झाडं पुन्हा पुन्हा येतात ना. एकही ठिपका न गमावता फाइल चिमुकली होते. पण डोळ्यांना दाखवायची म्हटली की ती सगळी उलगडावीच लागते.

जेपीईजीत मात्र हा नकाशा कधीही ठेवू नये. १९९२ चं हे मानक फोटोसाठी आहे. तेही चित्राचे ८ बाय ८ चेच तुकडे करतं, फॅमिकॉमसारखेच. पण तुकड्यातल्या बारीक फरकांकडे ते काणाडोळा करतं. फोटोतल्या गालावर ते खपून जातं. आमच्या नकाशात विटेच्या काठाला धुरकट पिसं फुटतात आणि एका तपकिरीचे पंचवीस तपकिरी होतात. असा नकाशा वरवर बरा दिसतो, मोठा केला की कळतं तो गेला. तो परत आणता येत नाही, पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरुवात करावी लागते.

मी सांगलीत राहते. हा छंद लागला ते दिवस भारनियमनाचे होते. वीज जायची वेळ ठरलेली असायची आणि ठरलेली नसतानाही जायची. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की तिची शिट्टी आणि काळोख यांत फाइल सेव्ह करण्याइतकाही वेळ उरत नसे. विंडोज एक्सपीमधल्या पेंटमध्ये मागे फिरायला तीनच पावलं होती. चौथी चूक कायमची. त्यामुळे दर पट्ट्यानंतर नव्या नावाने फाइल ठेवायची सवय लागली. नावात क्रमांक घालायचा, तारखेवर भिस्त ठेवायची नाही. कारण मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपली की वीज जाताच कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि आजची फाइल तारखेनुसार सगळ्यात जुनी होऊन यादीच्या तळाशी बसते.

आमच्या गणपती पेठेकडच्या दुरुस्तीवाल्यांनी माझं ते जुनं मशिन अनेकदा जिवंत केलं. एकदा सुरूच होईना, नुसत्या बीपवर बीप.

"ताई, काय करता काय यावर एवढं? व्हिडिओ एडिटिंग?" त्यांनी पेटीचा पत्रा काढता काढता विचारलं.

"नाही हो भाऊ, नकाशा काढते. गेममधला."

"गेम खेळता?"

"खेळून झालाय. आता त्यातली जमीन काढतेय."

ते काही बोलले नाहीत. रॅमची पट्टी काढली, शाळेच्या मुलाचा असतो तसला खोडरबर खिशातून काढला आणि पट्टीच्या सोनेरी दातांवरून हलक्या हाताने फिरवला. काळपट भुगा पडला. पट्टी उलटी करून तिकडेही. मग खाचेत फुंकर, पट्टी बसवली, दोन्ही टोकांचे चिमटे कट्कन लागले. मशिन सुरू झालं. मग बोर्डवरची उभी नळकांडी बोटाने दाखवली. दोन-तीनांची डोकी फुगलेली होती, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ.

"हे कॅपॅसिटर जाणार बघा. आज ना उद्या. जे काय काढलंय ते सीडीवर घेऊन ठेवा."

त्या काळात निकृष्ट कॅपॅसिटरांची साथच आली होती. २००० च्या आसपास बनलेले जगभरातले असंख्य बोर्ड अशीच डोकी फुगून मेले. भाऊंनी नंतर डाग देऊन नवे कॅपॅसिटर बसवले. त्या बोर्डवर मी झेल्डाचा पश्चिमेकडचा डोंगर पुरा केला.

मशिन अशक्त असलं की माणूस मार्ग शोधतो, आणि मला सापडलेला मार्ग जुन्या यंत्राकडूनच आलेला आहे. फॅमिकॉमकडे एकूण रंग पन्नास-पंचावन्न, आणि जमिनीसाठी एका वेळी जास्तीत जास्त तेरा. मग दर ठिपक्याला चार बाइट कशाला? रंगांची एक यादी करायची आणि ठिपक्यात फक्त यादीतला क्रमांक ठेवायचा. दर ठिपक्याला एक बाइट. तोच हायरूल २ कोटी ३० लाखांवरून ५८ लाखांच्या आत येतो. त्याच्याही पुढचा मार्ग म्हणजे चित्र जोडायचंच नाही. 'टाइल्ड' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात टाइलचा एक तक्ता ठेवायचा आणि नकाशात कुठल्या घरात कुठली टाइल एवढेच आकडे भरत जायचे. फाइल म्हणजे आकड्यांची रांग. चित्र अगदी शेवटी, एकदाच बनवायचं. १९८६ मध्ये तेझुका आणि मंडळींनी मुलूख जसा साठवला, जवळपास तसाच मीही तो साठवू लागले. त्यांनाही मेमरी कमी होती.

एक वेळ अशी आली की यातलं काहीच कामाचं नव्हतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा घरातलं सामान माळ्यावर चढवताना कॉम्प्युटरची पेटी खालीच राहिली. नकाशे वाचले ते पुण्यात भाचीकडे दिलेल्या पेन ड्राइव्हवर. तेव्हापासून सगळ्या प्रती एकाच गावात ठेवत नाही.

ठिपके मांडण्याची ही कला कॉम्प्युटरआधी कागदावर होती. मारिओचे रस्ते मियामोतो आणि तेझुका यांनी ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढले. दुरुस्ती करायची तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून. मग ते कागद प्रोग्रॅमरकडे जात आणि तो ते आकड्यांत बसवत असे. अमेरिकेत सुझन केअर यांनी ॲपलच्या मॅकिन्टॉशसाठी १९८३ मध्ये चिन्हं काढली तीही ग्राफच्या वहीत, ३२ बाय ३२ घरं आखून. बर्लिनचा 'ईबॉय' हा गट १९९७ पासून अख्खी शहरं ठिपक्यांत उभी करतो, तिरप्या कोनातून, खिडकी न् खिडकी दिसेल अशी. त्यांची पोस्टर पाहताना तासभर सहज जातो. आमचं काम त्यांच्याहून वेगळं आहे. ईबॉय नवं शहर रचतात, आम्ही रचलेलं शहर जसं होतं तसं मांडतो. त्यात स्वतःची भर घालायला वाव जवळपास नाही. मला तो नकोच आहे.

आपल्याकडे फॅमिकॉमच्या गेमचा इतिहास आणखी निराळा. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावोगावी जे टीव्ही गेम पोहोचले ते फॅमिकॉमच्या नकला होत्या. कार्ट्रिजला आपण कॅसेट म्हणायचो. लागली नाही की फुंकून पुन्हा लावायची. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच काही गेम फिरून फिरून यायचे. कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा बॅटल सिटी. सोबत ना पुस्तिका, ना घडीचा नकाशा. अमेरिकेत १९८८ पासून 'निन्टेन्डो पॉवर' मासिकात गेमचे पानभर नकाशे छापून यायचे, आपल्याकडे ते कुणी पाहिलेही नव्हते. कॉन्ट्राच्या जपानी आवृत्तीत दोन टप्प्यांच्या मध्ये बेटाचा नकाशाही दिसायचा, अमेरिकी आवृत्तीत तो काढून टाकला गेला. आपल्या पिढीने हे सगळे प्रदेश पाठ केले ते केवळ हाताने आणि डोळ्याने, तासावर भाड्याने मिळणाऱ्या टीव्हीसमोर गर्दी करून. 'पुढे डावीकडे वर आहे, खाली गेलास तर मरशील' असा तोंडी नकाशा प्रत्येक गल्लीत होता. म्हणूनच मी झेल्डानंतर कॉन्ट्रा घेतला. झेल्डा मी मोठेपणी खेळले, कॉन्ट्रा लहानपणी.

जाणकार विचारतात की गेमची मूळ फाइल उघडून प्रोग्रॅमनेच नकाशा का काढून घेत नाही. काढता येतो, आणि काही गेमच्या बाबतीत मी तसा पडताळूनही पाहते. पण मूळ फाइल प्रत्येक घरात कुठली टाइल आहे तेवढंच सांगते. कॉन्ट्राच्या पहिल्या टप्प्यात पाण्यावरचे पूल आहेत. पाय ठेवला की एकेक खांब स्फोटाने उडत जातो. नकाशात पूल शाबूत दाखवायचा की उडालेला? तिसऱ्या टप्प्यातला धबधबा सतत वाहतो, त्याचा कोणता क्षण धरायचा? भिंतीत लपलेली तोफ बंद की उघडी? हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. मी पूल शाबूत ठेवते, कारण चालणाऱ्याला तो आधी तसाच दिसतो. धबधब्याचा असा क्षण घेते की वरच्या आणि खालच्या पडद्याच्या सांध्यावर पाणी तुटणार नाही. तोफा उघड्या काढते. या छंदातल्या एका ओळखीच्या माणसाने त्या बंद काढल्या आहेत. त्याचं म्हणणं, खेळणाऱ्याला पहिल्यांदा दिसते ती भिंतच. तेही बरोबर आहे.

सध्या अडलंय ते दुसऱ्या टप्प्यावर. जंगल आडवं आहे, धबधबा उभा, पण दुसरा टप्पा हा शत्रूच्या तळाच्या आतला बोळ आहे. खेळणारा पाठमोरा उभा राहून समोरच्या भिंतीवर गोळ्या झाडतो, भिंत फुटली की आत शिरतो, आणि पुढे पुन्हा तसाच बोळ. इथे जमीन सरकत नाही, खोली बदलते. नकाशा वरून पाहिलेला धरला तर खोल्या एकावर एक रचायला हव्यात, सगळ्यात खालची पहिली, कारण पुढे जाणं म्हणजे कागदावर वर जाणं. पण प्रत्येक खोलीचं चित्र समोरून पाहिलेलं आहे, वरून नाही, त्यामुळे एकीची मागची भिंत दुसरीच्या जमिनीला जाऊन टेकते आणि बोळाऐवजी इमारत उभी राहते. खोल्यांमध्ये १६ ठिपक्यांची काळी पट्टी सोडून पाहिली, त्याने इमारत मोडते पण वाटही तुटते. आता त्या पट्टीत एकेक बाण घालून पाहतेय, हरवण्याच्या रानाला घातला तसा.